पहिल्या नारळाचा मान

भिवंडीच्या खाडीकडच्या अंगाला जुनाबंदर म्हणून पाडा आहे. तिथं रस्त्याच्या तोंडावर एक बोर्ड लागला होता, दोन मजली घराएवढा. ‘बंदर हेरिटेज! जिथं इतिहासानं नांगर टाकला, तिथंच आता तुमचं हक्काचं घर. वन आणि टू बीएचके. बुकिंग सुरू.’ खाली एक गोरंगोमटं जोडपं, त्यांच्या कडेवर गुटगुटीत पोर, आणि मागं निळ्याशार पाण्यात शिडाचं गलबत. भिवंडीच्या खाडीत एवढं निळं पाणी शेवंतानं जन्मात पाहिलं नव्हतं.

ती रोज सकाळी आपल्या खानावळीसाठी बोंबील आणायला त्याच रस्त्यानं जायची आणि रोज त्या बोर्डापुढं पचकन थुंकायची. “हक्काचं घर म्हणे. मढं बशिवलं तुमच्या हक्काचं!” एवढं बोलली की तिला जरा बरं वाटायचं. मग दिवसभर ती यंत्रमाग चालवणाऱ्या लूमवाल्यांना भात-कालवण वाढायची. उत्तरेकडून आलेली ती पोरं तिला “भाभी, सालन और देना” म्हणायची, आणि ती त्यांच्यावर खेकसत खेकसत दोन पळ्या जास्तच वाढायची.

त्या जागेचा इतिहास तिला शिकवायची काही गरज नव्हती. बोर्डाचा डावा खांब जिथं रोवला होता ना, तिथं तिच्या घराची चूल होती.

गावाच्या वेशीवर बंदरमायचा, म्हणजे गावदेवीचा दगड, आणि दगडाला लागून सोमाचं घर. सोमा म्हणजे शेवंताचा बाप. गावात कुणी नवी होडी पाण्यात घातली, कुणी घराचा पाया काढला, की पहिला नारळ बंदरमायला. आणि तो वेशीवरच्या घरातल्या माणसाच्याच हातानं. मान म्हणायचे त्याला. कसला डोंबलाचा मान! नारळ फोडून झाला की त्याच माणसाला पाणी वरून ओंजळीत ओतायचे. पण त्यात एक गंमत होती. वेशीवरचा माणूस हातात नारळ धरून गाऱ्हाणं घालायला लागला, की नारळ फुटेपर्यंत मध्ये कुणी ब्र काढायचा नाही. गावच्या पुढाऱ्यानंसुद्धा नाही. आणि गाऱ्हाणं घालता घालता त्याच्या अंगात यायचं. म्हणजे यायलाच लागायचं. नाही आलं तर गावाला चैन पडायची नाही.

शेवंताच्या आज्यानं हे सगळं मुकाट केलं. सोमानं नाही केलं. घरात बाबासाहेबांचा फोटो लागला, प्रतिज्ञा घेतल्या, आणि पुढच्या वेळी नारळ घेऊन माणसं दारात आली तेव्हा सोमा भर गावात म्हणाला, “देवी न्हाय. त्यो दगड हाय. तुमचा नारळ तुम्ही फोडा.”

त्याच साली खाडीतली मासळी मरायला लागली. कापडाच्या रंगाचं पाणी खाडीत सुटत होतं, शेंबड्या पोरालाही दिसत होतं. पण केसरीनाथला नाही दिसलं. तेव्हा तो तरणाबांड होता, पाच भावांतला थोरला, आणि गावात त्याच्या शब्दाला वजन यायला लागलं होतं. त्यानं उठवलं की सोमानं देवी नाकारली म्हणून माय कोपली. भर दुपारी माणसं गोळा केली आणि सोमाचं घर पाडलं. शेवंता शाळेतून आली तेव्हा तिची आई भाताचं टोप हातात घेऊन रस्त्यावर उभी होती, आणि भिंतीवर चढलेला केसरीनाथ वरून ओरडत होता, “देवी न्हाय बोलतो! देवी न्हाय बोलनाऱ्याचं घर या गावात न्हाय!”

मग त्या जागेला कुंपण पडलं. देवीची जागा म्हणून. काही वर्षांनी कुंपण तेच राहिलं, जागा मात्र केसरीनाथची झाली. कशी झाली ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

सोमा लूमवर पाळ्या करत भाड्याच्या खोलीत म्हातारा झाला. परत कधी तो खाडीकडं फिरकला नाही. मरताना त्यानं काही मागितलं नाही, कुणाला शिव्याशाप दिले नाहीत. पण शेवंताचं मन बापासारखं मोठं नव्हतं, आणि असावं असं तिला कधी वाटलंही नाही. केसरीनाथची मान गावासमोर खाली गेलेली बघायची, मग डोळे मिटायचे, एवढं एकच तिनं मनाशी धरलं होतं. तीस वर्षं ती हात चोळत बसली होती. हात चोळून चोळून कातडं जायची वेळ आली.

आणि मग केसरीनाथ आपल्या पायांनी तिच्या दारात आला.

झालं असं की त्या जागेवर केसरीनाथची इमारत उभी राहिली, सात मजले, पण गिऱ्हाईक उभं राहीना. राहनाळची, पडघ्याची, गोडाऊनच्या भाड्यावर सुखी झालेली माणसं गाड्या घेऊन यायची, सॅम्पल फ्लॅट बघायची, फुकटचं कोल्ड्रिंक प्यायची आणि “घरी विचारून सांगतो” म्हणून जायची. ती गेली ती गेलीच. कारण बोभाटा झाला होता. पाया काढताना मशीन दोनदा मोडलं. पार्किंगची फरशी खचली. केसरीनाथचा पोरगा प्रितेश लिफ्टमध्ये अडकला आणि घामानं चिंब होऊन बाहेर निघाला. बोअरला खारं पाणी लागलं. आता खाडीच्या काठाला खारं पाणी नाही लागणार तर काय उसाचा रस लागणार? पण नाही. बायाबायांत कुजबुज सुरू झाली, “मायचा पहिला नारळ न्हाय पडला.” आणि ही कुजबुज कुणी सुरू केली? केसरीनाथच्या आईनंच, हौसानं. म्हातारी नामांकित धवलारीण, आयुष्यभर लग्नांतली गाणी गायलेली. तिनं एखादी गोष्ट म्हटली की ती चार गावांत पोचायची.

केसरीनाथनं भटजी आणला, होम केला. लोक म्हणाले, छान झाला होम, पण नारळ वेशीवरच्या घरचा लागतो. झालं! केसरीनाथशेठची पाचावर धारण बसली.

दुपारचं जेवणाचं गिऱ्हाईक आटोपल्यावर तो खानावळीत आला. अंगावर कडक पांढरे कपडे, गळ्यात साखळी, हातात मिठाईचा पुडा. मागं प्रितेश. बाकावर बसताना त्यानं बाक हातानं पुसून घेतला, ते शेवंतानं बरोबर पाहिलं.

“शेवंताताई, बरी हायस ना?” तो म्हणाला.

ताई! तीस वर्षांपूर्वी ‘ए सोमाची’ होती. शेवंतानं पदर खोचला आणि टोप घासतच म्हणाली, “जेवण संपलं, शेठ. कालवण न्हाय उरलं.”

“जेवायला न्हाय आलो. मान द्यायला आलोय. तुमच्या घरचा मान. पहिला नारळ.” त्यानं घसा खाकरला. “झालं गेलं खाडीला मिळालं. आपन एका गावचे. तू ये, नारळ घे, गाऱ्हानं घाल. साडी-चोळी करतो. आनि तुझ्या पोरीच्या नावानं एक फ्लॅट बाजूला ठेवतो. पहिला मजला, रोडफेसिंग.”

प्रितेशनं लगेच मोबाइल पुढं केला. “काकी, हे बघा, मॉड्युलर किचन आहे.”

शेवंतानं किचन पाहिलं. गुळगुळीत काळा ओटा, त्यावर काचेच्या भांड्यात लिंबं ठेवलेली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या आईच्या चुलीवर हा मला ओटा दाखवतोय! टोप उचलून त्याच्या डोक्यात घालावं असं वाटलं. पण तिनं राख चोळलेले हात सावकाश धुतले, पदराला पुसले आणि विचारलं, “गाव असेल?”

“सगळा गाव. राहनाळ, पडघा, सगळी पार्टी बोलावतो. मंडप घालतो, बेंजो लावतो.”

“माइक?”

“माइक, स्पीकर, सगळं.”

“आनि रीत जुनीच ना? नारळ फुटंपर्यंत मधी कोन बोलनार न्हाय?”

“कोन कशाला बोलंल? रीत ती रीत!” केसरीनाथ खूश होऊन म्हणाला.

“मंग येते मी,” शेवंता म्हणाली. मिठाईचा पुडा तिनं तसाच समोरच्या लूमवाल्या पोरांना देऊन टाकला.

संध्याकाळी दीक्षा घरी आली आणि हे ऐकून तिचा पारा चढला. दीक्षा म्हणजे शेवंताची मुलगी, पडघ्याच्या शाळेत शिक्षिका. नवरा गेल्यापासून शेवंताला तेवढं एकच माणूस होतं.

“आई, तुझं डोकं फिरलंय का? ज्या नारळापायी आजोबांनी घर घालवलं, तोच नारळ तू हातात घेणार? त्या फ्लॅटसाठी?”

“फ्लॅट गेला चुलीत.”

“मग?”

“मला बोलायचंय, दीक्षा. गावासमोर. त्याच्यासमोर. माइकवर. नारळ फुटंपर्यंत तो मला गप्प करू शकत न्हाय, ती त्यांचीच रीत हाय. नारळ मी हातात धरीन, फोडनार न्हाय. आनि सगळं सांगीन. कुनी पाडलं, का पाडलं, जागा कुनाच्या घशात गेली. एकदा सगळ्यांच्या कानावर जाऊ दे. मग बघू हेरिटेज.”

दीक्षानं वह्यांची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, “मी पण येते.”

कार्यक्रमाच्या दिवशी मंडप फुलला होता. फुगे, झेंडूच्या माळा, वडापावचा घाणा, बेंजोपार्टी कानठळ्या बसवत होती. पुढच्या रांगेत राहनाळ-पडघ्याची पार्टी सोफ्यावर, आणि मधोमध उंच खुर्चीत हौसा. गेटाजवळ काळ्या ग्रॅनाइटच्या छोट्या देवळात बंदरमायचा दगड चांदीचा मुखवटा घालून बसवला होता. शेवंता पांढरी साडी नेसून आली. केसरीनाथनं आणलेली हिरवी साडी तिनं घरीच ठेवली होती. तो काही बोलला नाही. कामापुरतं सगळं गोड असतं अशा माणसाला.

तिच्या हातात नारळ दिला. प्रितेशनं माइक तिच्या तोंडापाशी धरला. बेंजो थांबला, मंडप चिडीचूप झाला.

शेवंतानं नारळ छातीशी धरला आणि सगळीकडं नजर फिरवली. समोर सोफ्यावरची माणसं, मागं सात मजले, आणि पायाखाली ती जमीन. मग एकदम बांध फुटला.

“मी सोमाची पोर! इथं माझ्या बापाचं घर होतं! या केसरीनाथनं पाडलं, भर दुपारी पाडलं! भिंतीवर चढून पाडलं! माझ्या आईच्या हातात भाताचं टोप होतं, आमचा घास तोंडात गेला नव्हता! देवीची जागा म्हनून कुंपन घातलं आनि गिळली! गिळली रं, केसरीनाथ, तू गिळली! आनि आता तिथं लोकांना घरं इकतोस? हक्काची घरं? कुनाच्या हक्काची?”

तिचं अंग थरथरत होतं. अंबाडा सुटून केस पाठीवर आले होते, तोंडाला कोरड पडून फेस यायला लागला होता. तीस वर्षांचा संताप होता तो, दुसरं तिसरं काही नव्हतं. ती अजून बोलणार होती, जागेचं सगळं काढणार होती. तेवढ्यात मागून एक बाई किंचाळली.

“माय आली! मायचं वारं आलं!”

“सोमाच्या पोरीच्या अंगात माय आली!”

आणि काय सांगावं! बेंजोवाल्यानं ढोल बडवायला सुरुवात केली. बाया केस सोडून घुमायला लागल्या. कुणी लिंबं आणली, कुणी तिच्या पायांवर पाणी ओतलं. चिंधूशेठ म्हणून राहनाळचा मोठा गोडाऊनवाला होता, नारळ पडला की त्याच्या नावावर चार फ्लॅट ठरल्यातच जमा होते. तो सोफ्यावरून उतरून सपशेल आडवा पडला. “माय, चुकलो! या जागेत पाय न्हाय टाकनार! तुझी जागा, माय, तुझ्या लेकराची जागा!” म्हणाला आणि उठून बायकोला घेऊन गाडीकडं चालायला लागला. त्याच्यामागं दुसरा. मग तिसरा.

शेवंता नारळ धरून तशीच उभी राहिली. मी बोलले, माझ्या तोंडानं, आणि ऐकलं यांनी कुणाचं? सोमाच्या पोरीचं ऐकायला हा गाव काही केल्या तयार नाही. तीच गोष्ट दगडानं सांगितली की लगेच लोटांगण! तिला संतापानं रडू कोसळलं. लोकांनी त्या रडण्यालाही हात जोडले.

केसरीनाथ मात्र ओळखून होता. बोलतेय ती शेवंताच, हे त्या मंडपात त्याच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. गिऱ्हाइकं गाड्यांत बसताना बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो रीतभात विसरला, धावत तिच्याजवळ आला आणि कानाशी लागला.

“शेवंता, सांग त्यांना! देवी न्हाय म्हनून सांग! तुमच्यात मानीतच न्हाय ना देवी? तुझा बाप तर भर गावात बोलायचा. तू पन बोल, एकदा बोल माइकवर. पाया पडतो तुझ्या. दोन फ्लॅट देतो.”

शेवंता त्याच्याकडं बघतच राहिली. देवी न्हाय म्हनून सांग! हा माणूस मला हे सांगतोय!

दीक्षा दोन पावलांवर उभी होती. आई काय करते हेच ती बघत होती, आणि शेवंताला तिच्या पोटातलं बरोबर कळत होतं. गप्प राहावं तर केसरीनाथ आज मातीत जातो. पण मग सोमाची पोर देवी झाली असंच चार गावं म्हणतील, आणि बापानं घरावर नांगर फिरवून घेतला तो फुकट. खरं बोलावं तर बापाचा शब्द राहतो. पण मग हीच माणसं हसत हसत परत फिरतील, कोल्ड्रिंक पितील, फ्लॅट बुक करतील, आणि केसरीनाथ मिशीला पीळ देईल. खरं बोलून याचा धंदा वाचवायचा? तीस वर्षं यासाठी जळत राहिले?

“बोल ना, बाई,” केसरीनाथ कळवळून म्हणाला. त्यानं खरोखरच तिचे पाय धरले.

शेवंतानं प्रितेशच्या हातातून माइक घेतला. ढोल थांबला. ती खाली वाकली आणि माइक केसरीनाथच्या तोंडासमोर धरला.

“तू बोल,” ती म्हणाली. “मी बोलले तर लोक म्हनतील मायनं परीक्षा घेतली. तुझा शब्द गावात चालतो. तूच बोल. तुला खरं काय वाटतं ते बोल.”

केसरीनाथनं मान वर करून पाहिलं. चिंधूशेठची गाडी चालू झाली होती. प्रितेश दातओठ खात म्हणत होता, “पप्पा, बोला ना! जातायत सगळे!” आणि केसरीनाथ बोलला. माइक दोन्ही हातांनी गच्च धरून, गुडघ्यांवरच, मंडपभर ऐकू जाईल असा बोलला.

“थांबा! ऐका! माय-बीय काय न्हाय! देवी न्हाय. त्यो दगड हाय. ही बाई रागानं बोलतेय, अंगात काय आलेलं न्हाय. मी देवीला कवाच मानीत नव्हतो, मला काय झालं का? काय न्हाय झालं! बसा, खाली बसा सगळे.”

स्पीकरमधून शब्द खाडीपर्यंत गेले. घुमणाऱ्या बाया जागच्या जागी थांबल्या. चिंधूशेठनं गाडीची काच खाली केली. शेवंताच्या बापाचं बोलणं होतं ते, आणि ज्या तोंडातून आलं ते तोंड तिच्या पायांशी होतं. तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं. दीक्षानं येऊन तिला धरलं.

पण केसरीनाथचं लक्ष तिच्याकडं नव्हतंच. पुढच्या रांगेतली हौसा खुर्चीतून उठत होती. सुना हात द्यायला धावल्या, तिनं त्यांना झिडकारलं. काठी टेकत ती पोरासमोर येऊन उभी राहिली. म्हातारीला माइक लागत नसे; हजार माणसांच्या लग्नमांडवात तिचा आवाज शेवटच्या पंगतीला पोचायचा.

“कवाच मानीत नव्हतास?” तिनं विचारलं.

“आये, तू गप बस. धंद्याची गोष्ट हाय.”

“गप कशी बसू? मी त्या दिशी तुझ्या कपाळाला गुलाल लावला होता. माय कोपली बोललास म्हनून लावला.” म्हातारीनं काठी जमिनीवर आपटली. “तुला देवी न्हाय हे ठावं होतं, तर मंग सोमाचं घर कशाला पाडलंस?”

केसरीनाथनं तोंड उघडलं. माइक चालूच होता. स्पीकरमधून नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता. मंडपातली माणसं आधी त्याच्याकडं बघत होती, मग एकेक जण मान वर करून त्याच्या पाठीमागचे सात मजले बघायला लागला. चिंधूशेठही गाडीतून उतरला आणि कमरेवर हात ठेवून वर बघत उभा राहिला. हौसानं परत विचारलं, “बोल ना रं, कशाला पाडलंस?”

शेवंतानं न फुटलेला नारळ खाली ठेवला, डोळे पुसले, सुटलेले केस मागं बांधले आणि त्याच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. तिला आता कसलीही घाई नव्हती.